पडून घालवलेली रजा

पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी ज्या चुका केल्या, त्यातल्या बहुतेकींमागे कुणाची ना कुणाची माया होती. घरच्यांनी जपलं, शेजारणींनी सल्ले दिले, आणि त्यातलं मला जे सोयीचं वाटलं ते मी डॉक्टरांना न विचारताच खरं मानलं. आता गावातल्या, नात्यातल्या नोकरदार मुली विचारतात, "ताई, रजा कधीपासून टाकू?" तेव्हा त्यांना नुसता महिना सांगून माझं समाधान होत नाही. काय चुकलं, का चुकलं आणि त्याचा भुर्दंड कुणाकुणाला पडला, हे सगळं सांगावंसं वाटतं. त्यासाठीच हे लिहिते आहे.

आमचं गाव तिगाव. नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावर पांढुर्ण्याला लागून असलेलं स्टेशन. राज्य मध्य प्रदेश, कचेरीतली भाषा हिंदी आणि घरातली वऱ्हाडी वळणाची मराठी. पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके आधी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरी संत्र्याचा बगीचा, थोडा कापूस, थोडी तूर. पण मी शेतात राबणारी सून नव्हते. बी.कॉम. होऊन या घरात आले आणि पांढुर्ण्यातल्या एका खासगी कार्यालयात हिशेबाचं, संगणकावर नोंदी करण्याचं काम धरलं. सकाळी खुर्चीत बसलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठण्याचं काही कारण नसे, आणि डबाही त्याच टेबलावर उघडायचा. संध्याकाळी गाडीत बसून घरी यायचं. घरातल्या सगळ्यांच्या मते माझं काम आरामाचं होतं. माझंही तेच मत होतं.

२०१८ च्या उन्हाळ्यात दिवस गेले. तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. मी ती कार्यालयातही पाळली. नेमके तेच महिने सर्वांत कठीण असतात. सकाळी उठल्यापासून मळमळ, दुपारी डोळे मिटायचे, फोडणीच्या वासानेही पोटात ढवळायचं. साहेबांना सांगितलं असतं तर थोडं उशिरा येण्याची, मधे दहा मिनिटं टेकण्याची मुभा मिळालीही असती. मी सांगितलंच नाही, त्यामुळे मिळाली की नाही हा प्रश्नच आला नाही.

दुसरी चूक त्याहून लहान दिसते, पण तिनेच पुढचं सगळं रामायण घडवलं. आमच्या कार्यालयातला संडास मागच्या बाजूला होता. तिकडे जायचं तर पुरुष सहकाऱ्यांच्या टेबलांमधून वाट काढावी लागे. एकदा उठलं की सगळ्यांचे डोळे वर होत. गर्भारपणात लघवीला वारंवार लागते, हे मला ठाऊक होतं. मी त्यावर उपाय काढला तो पाणी कमी पिण्याचा. बाटली भरून न्यायची आणि तशीच परत आणायची. भर उन्हाळ्यात, जून महिन्यात मी हे केलं. पावसाळा लागता लागता लघवीला जळजळ सुरू झाली, कंबरेत कळ येऊ लागली, एका रात्री हुडहुडी भरून ताप आला. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. गर्भारपणात हा संसर्ग अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची भीती असते, हे डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं. औषधं दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आठवडाभर घरी राहायला सांगितलं.

आठवड्याने ताप गेला, जळजळ गेली. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती तिथे संपली होती. तिच्या पुढची विश्रांती मी माझ्या मनाने वाढवली.

घरात त्याला कुणाचाच विरोध नव्हता. सासूबाईंनी तर माझी खाट पंख्याखाली ओढली आणि बजावलं, "पाय खाली ठेवू नको. पानी पायजे तं मले हाक मार. आमाले कोनी बसू देल्लं नाही वो माय, तू तरी नीज." त्या बोलण्यामागे काय होतं हे मला माहीत होतं. त्यांचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्या दिवशी सकाळपर्यंत त्या दुसऱ्याच्या वावरात निंदण करत होत्या. ते बाळ कशाने गेलं हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही, म्हणून आयुष्यभर त्यांनी दोष कामालाच दिला. माझ्या पोटातल्या नातवंडासाठी त्यांना एकच उपाय दिसत होता: सुनेला हलू द्यायचं नाही. त्यांना समजावणं माझं काम होतं. शिकलेली मी होते. पण मलाही पडून राहणं बरं वाटत होतं, आणि सासू स्वतः "नीज" म्हणते आहे यासारखं सुख कोणत्या सुनेला नको असतं?

कार्यालयात आजारपणाची रजा टाकली. ओळखीच्या एका डॉक्टरांकडून कंबरदुखीचं प्रमाणपत्र घेतलं. त्यांनी तपासलं नाही आणि मी तपासा म्हटलं नाही. रजा संपत आली की नवं प्रमाणपत्र. सकाळी उशिरा उठायचं, खाटेवरच चहा-नाश्ता, मग मोबाइल, मग जेवण, मग झोप, संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिका. पोळ्याला बैलांची पूजा झाली तेव्हा मी दारापर्यंत आले नाही. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, गोटमारीच्या, बातम्या खाटेवर पडूनच ऐकल्या. खाण्याच्या बाबतीत तर "दोन जिवांची आहेस" हे एकच वाक्य पुरेसं होतं. भाकरीवर तूप, दुपारी शिरा, रात्री साखर घालून दूध.

शरीर तक्रार करू लागलं, पण प्रत्येक तक्रारीचा अर्थ मी उलटा लावला. पाय सुजले, म्हणून आणखी पडले. कंबर दुखू लागली, आता खरंच दुखू लागली, म्हणून आणखी पडले. दिवसा झोपल्यामुळे रात्री डोळा लागेना, मग सकाळी आणखी उशिरा उठू लागले. पोट साफ होईना. उठून न्हाणीपर्यंत गेलं तरी धाप लागे, आणि घरचे म्हणत, "पाहा, हिला किती अशक्तपणा आलाय." या सगळ्यात मन उदास झालं, त्याची तर मी कुणाकडे वाच्यताही केली नाही. घरात बसून खायला मिळतं आहे, वर कशाचं दुःख, असं लोक म्हणतील याची भीती वाटली.

डोळे उघडले ते ९ तारखेच्या तपासणीत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. गावातल्या आशा कार्यकर्त्या, आमच्या आशाताई, दर महिन्याला निरोप द्यायच्या आणि मी दर महिन्याला "आमचे डॉक्टर आहेत" म्हणून टाळायचे. सहाव्या महिन्यात त्या हट्टाने घेऊन गेल्या. तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला दिलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. या तपासणीत साखर १४० किंवा त्याहून जास्त निघाली तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. माझी जास्त निघाली.

तिथल्या डॉक्टर बाईंनी माझं कार्ड पाहिलं, वजनाचे आकडे पाहिले आणि विचारलं, "दिवसभर काय करता?" मी अभिमानाने सांगितलं, "काहीच नाही. पूर्ण आराम आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आराम कुणी सांगितला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कुठल्याही डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

त्यांनी जे समजावलं ते त्याआधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. गर्भारपणात वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो, म्हणून रक्तातली साखर वाढण्याकडे शरीराचा कल असतोच. चालताना स्नायू ती साखर वापरून टाकतात. दिवसभर पडून राहिलं तर ती रक्तातच राहते. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, म्हणजे धोका जन्मापासूनच होता. फक्त पडून राहिल्यामुळे साखर वाढली असं त्या म्हणाल्या नाहीत. पण धोका असलेल्या बाईने जे करायला हवं होतं, त्याच्या नेमकं उलट मी केलं होतं. पायांचंही तसंच. पोटऱ्यांचे स्नायू आकसले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. ते स्वस्थ राहिले की रक्त खाली साचतं आणि सूज येते. शिवाय बाळंतपणातल्या रक्तस्रावाची तयारी म्हणून गर्भवतीचं रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. अशात हालचाल बंद केली तर पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. आणि मी तासन्‌तास पाठीवर पडून टीव्ही पाहत होते, तेही चुकीचंच. पाचव्या महिन्यानंतर उताणं पडलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, म्हणून कुशीवर झोपायला सांगतात.

मी विचारलं, "पण पडून राहिल्याने बाळ टिकतं ना?" हा प्रश्न सासूबाईंचा होता, मी फक्त तोंडाने विचारला. डॉक्टर म्हणाल्या की गर्भपात किंवा दिवसाआधीची प्रसूती नुसत्या खाटेवरच्या विश्रांतीने टळते, असा पुरावा मिळालेला नाही. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचे आढावे हेच सांगतात, हे मी पुढे वाचलं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या मार्गदर्शनात, ज्या गर्भवतींना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही त्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि बसून राहण्याचा वेळ कमी करावा, असं म्हटलं आहे. मध्यम म्हणजे किती, याची खूण डॉक्टर बाईंनी सोपी करून दिली: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येईल इतकं सावकाशही चालू नये.

त्या दिवसापासून जेवणानंतर घरासमोरच्या रस्त्याने चालू लागले. पहिले काही दिवस सासूबाई मागून यायच्या, मी पडेन या धास्तीने. शिरा बंद झाला, ताटात डाळ, भाजी, मोड आलेली मटकी वाढली. साखर गोळ्या-इंजेक्शनाशिवाय आटोक्यात आली. कंबरही हळूहळू मोकळी झाली.

तब्येत सावरली, पण रजेचा हिशेब सावरला नाही.

मी कार्यालयातली सगळी पगारी आजारपणाची रजा संपवली होती. नंतरची बिनपगारी लागली होती. आता परत कामावर जावं तर आठवा महिना लागत होता, आणि इतके दिवस घरी राहून त्या खुर्चीची भीती वाटू लागली होती. म्हणून नियमाने जितक्या लवकर मिळते तितक्या लवकर मी मातृत्व रजा सुरू केली. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. मी ते आठही आधीच घेतले. उरले १८. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं हे पाठ असलेली मी, बाळ चार महिन्यांचं असताना कामावर रुजू झाले. दुपारी दूध येऊन ओढणी ओली व्हायची आणि मी फाइल छातीशी धरून बसायचे. ते दिवस मला अजून सलतात. आजारी नसताना खाटेवर घालवलेले आठवडे त्या वेळी हाताशी असते तर माझं बाळ त्या महिन्यांत माझ्याजवळ राहिलं असतं.

कायदा मी नंतर वाचला, तोही कामावर परत गेल्यावर. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कार्यालयांना, म्हणजे आमच्याही, १९६१ चा मातृत्व लाभ कायदा लागू होता. त्यात मला ठाऊक नसलेल्या गोष्टी होत्या. गर्भारपणामुळे खरोखर आजारपण आलं आणि त्याचा दाखला दिला, तर २६ आठवड्यांच्या वर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या महिन्यात बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं, फार वेळ उभं राहण्याचं किंवा तब्येतीला बाधेल असं काम देता येत नाही. कामावर आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोनदा जादा सुट्टी आहे. यातलं एकही मी मागितलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. २६ आठवडे आणि त्यातले आधीचे ८ हे गणित तिच्यातही तसंच आहे.

तो कायदा वाचताना एक गोष्ट मनाला लागली. कायद्याने फार वेळ उभं राहण्याचं नाव घेतलं आहे, फार वेळ बसण्याचं घेतलेलं नाही. त्याची मुळं ज्या काळातली आहेत त्या काळात काम करणारी गर्भवती म्हणजे गिरणीतली, मळ्यातली बाई होती. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात हा प्रश्न आला तेव्हा बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९३० मध्ये मध्य प्रांताचाही झाला, आणि आमचा हा मुलूख तेव्हा त्याच प्रांतात होता. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांच्या काळापासून या भागात हा हक्क कागदावर आहे. मी त्याला मेहेरबानी समजले, म्हणून ती जितकी मिळते तितकी लवकर ओरबाडून घेतली आणि जे खरं हवं होतं ते मागायला विसरले.

खरं काय हवं होतं? टेबल संडासाजवळ. दर तासाला उठून चार पावलं चालण्याची मोकळीक. पाठीला आधार देणारी खुर्ची, पायाखाली एक पाट. सकाळी तासभर उशिरा यायची सवलत. या मागण्यांना मालकाचा फारसा खर्च आला नसता. नॉर्वेत सुमारे २,९०० गर्भवतींचा एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर चौघींपैकी तिघींनी गर्भारपणात कधी ना कधी आजारपणाची रजा घेतली होती. मुख्य कारणं थकवा, झोप न लागणं आणि कंबर-ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं. पण ज्यांच्या कामात तब्येतीप्रमाणे बदल करून मिळाला, त्यांची रजा सरासरी आठवडाभराने कमी भरली. इतक्या श्रीमंत देशातल्या बायकांनाही तेच दुखणं होतं हे वाचून धीर आला, आणि उपाय इतका साधा होता हे वाचून वाईटही वाटलं.

यापुढच्या दोन चुका मला जास्त छळतात, कारण त्या माझ्या अंगावर नाही, दुसऱ्यांच्या अंगावर निघाल्या.

मी पंख्याखाली पडले होते त्या दिवसांत आमच्या बगीच्यात आंबिया बहाराचा तोडा चालू होता. मजुरीला येणाऱ्यांत एक मुलगी माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा एखाददुसरा महिना पुढे. ती संत्र्याचं भरलेलं कॅरेट कमरेवर टेकवून झाडापासून गाडीपर्यंत न्यायची. खिडकीतून मला ती दिसायची. कॅरेट खाली ठेवलं की दोन्ही हात कंबरेवर देऊन मागे वाकायची, श्वास घ्यायची आणि परत फिरायची. मी एकदाही उठून म्हटलं नाही की हिला फळं निवडायला बसवा, ओझं दुसऱ्याला द्या. मजुरी तितकीच ठेवून काम हलकं करणं आमच्याच हातात होतं. तिला एक दिवस घरी राहायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडणार. जिला विश्रांती हवी होती तिला ती परवडत नव्हती, आणि मला परवडत होती म्हणून मी ती गरजेपलीकडे घेत होते. एकाच अंगणातल्या दोन पोटुशी बायका, आणि दोघींचंही चुकीचं चाललं होतं.

त्या मुलीला आधार देणाऱ्या सरकारी योजनाही होत्या. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. मध्य प्रदेशात २०१८ मध्येच असंघटित मजूर बायकांसाठी प्रसूती सहायता योजना सुरू झाली होती: १६,००० रुपये, त्यातले ४,००० गर्भारपणात आणि १२,००० बाळंतपणानंतर. नोंदणी, आधार, बँकेचं खातं, तपासण्यांच्या तारखा, हे अर्ज भरणं म्हणजे माझ्या रोजच्या कामातला प्रकार. अर्ध्या तासात मी तिची कागदपत्रं लावून दिली असती. तिचं नाव वेळेत चढलं नाही. बाळ झालं, फार लहानखुरं झालं. ते आता शाळेत जातं, पण तिच्याशी बोलताना माझी नजर अजून खाली जाते.

शेवटची चूक सर्वांत जड. दुसऱ्या खेपेला, २०२२ मध्ये, मी शहाणी झाले होते. पहिल्याच महिन्यात साहेबांना सांगितलं, टेबल बदलून घेतलं, पाण्याची बाटली दिवसातून दोनदा रिकामी केली, जेवणानंतर आवारात फेऱ्या मारल्या. साखर या वेळीही थोडी चढली, पण लवकर कळली. रजा पुरवून वापरली. सगळं सुरळीत झालं आणि मला वाटलं, आता मला सगळं कळलं.

नंतर कार्यालयात आलेली एक मुलगी गरोदर राहिली. सातव्या महिन्यात एके दिवशी तिने मला बाजूला घेतलं. "ताई, थोडं अंगावरून गेल्यासारखं वाटतंय. रजा टाकू का?" मी तिला माझी गोष्ट ऐकवली. घाबरू नको, पडून राहिलीस तर माझ्यासारखं होईल, चालत राहा. ती माझ्यावर विश्वास ठेवून दोन दिवस कामावर आली. तिसऱ्या दिवशी रक्तस्राव वाढला आणि तिला गाडीत घालून नागपूरला न्यावं लागलं. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर होती. सोनोग्राफीच्या कागदावर ते आधीच लिहिलेलं होतं. मी तो कागद पाहायलाही मागितला नव्हता. आई आणि बाळ दोघंही वाचले, बाळाला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तिने मला कधी शब्दाने दुखवलं नाही. पण पहिल्या वेळी शेजारणींचं ऐकून मी जी चूक केली, तीच या वेळी मी शेजारीण होऊन केली. सल्ला उलटा होता, चूक तीच: तपासल्याशिवाय ठरवणं.

म्हणून कुणाला चालायला सांगण्याआधी मी आता हे सांगते. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, छातीत दुखणं, काही न करता धाप लागणं, चक्कर, जोराची डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर चालणं, काम, रजेचा विचार सगळं बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठायचं. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, रक्तदाब चढत असेल, हिमोग्लोबिन फार उतरलेलं असेल, तर व्यायाम करावा की नाही हे डॉक्टरच ठरवतील. आणि त्यांनी विश्रांती सांगितली तर तीही नीट विचारून घ्यायची: कामावर जायचं नाही, की ओझं उचलायचं नाही, की खाटेवरून उठायचं नाही? किती दिवस? पुन्हा दाखवायला कधी यायचं? मी हे प्रश्न कधी विचारले नाहीत.

सासूबाई आता सत्तरीला आल्या आहेत. माझ्या नणंदेच्या सुनेला दिवस गेले तेव्हा त्यांनी तिला फोनवर सांगितलं, "डॉक्टरले इचार, मंग चाल. मले इचारू नको." त्या एका वाक्यात आमचं घर काय शिकलं ते सगळं आलं.

कार्यालयात हजेरीचं काम आता माझ्याकडे आहे. कुणी मुलगी रजा विचारायला आली की मी तिला आधी तिचं कार्ड आणि सोनोग्राफीचा कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवते, आणि तिथून लेखी आणायला सांगते. तब्येत ठीक असेल तर तिचा पहिला अर्ज आम्ही दोघी मिळून लिहितो, आणि तो रजेचा नसतो. जागा, वेळ आणि काम बदलून मागण्याचा असतो. आजार असेल तर रजेचा लिहितो, दाखल्यासकट, कायद्यातल्या हक्काच्या भाषेत. बगीच्यातही तोडा सुरू होण्याआधी मजूर बायकांत कुणाला दिवस आहेत हे मी आशाताईंकडून विचारून घेते. जिला आहेत तिला बसून फळं निवडायचं काम आणि मजुरी तीच. हे सगळं मला २०१८ मध्येही करता आलं असतं. तेव्हा केलं नाही, म्हणून आता एकही खेप चुकू नये अशी माझी धडपड असते.